हरितपथ, नागरी : नियोजन व बांधकामावरील लोकदेखरेख

नदीकाठ, नाले, कालवे, वापरातून गेलेले लोहमार्ग, जलवाहिन्यांलगतच्या मोकळ्या जागा इत्यादींच्या आधाराने शहरातून जाणारा, झाडाझुडपांनी युक्त आणि मुख्यत्वे पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी राखून ठेवलेला सलग भूपट्टा म्हणजे नागरी हरितपथ होय. उद्यान हे एका ठिकाणी असते, तर हरितपथ अनेक वस्त्यांमधून जातो व त्यांना एकमेकींशी जोडतो. हे त्याचे वैशिष्ट्य आहे आणि त्याच्या नियोजनातील अडचणींचे मूळही त्यातच आहे. एकाच पट्ट्यावर रेल्वे, महानगरपालिका, पाटबंधारे खाते, खाजगी जमीनमालक व अतिक्रमित झोपड्यांतील रहिवासी अशा अनेकांचे हितसंबंध असतात. म्हणून हरितपथाची आखणी, खर्च व बांधकाम यांवर स्थानिक रहिवाशांनी संघटितपणे लक्ष ठेवण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली आहे. तीस येथे लोकदेखरेख असे म्हटले आहे.

लोकसहभाग व लोकदेखरेख यांत फरक आहे. आराखडा तयार होत असताना लोकांचे मत विचारणे हा सहभाग होय. मान्य झालेला आराखडा, मंजूर झालेला निधी व प्रत्यक्ष झालेले काम यांचा मेळ बसतो की नाही, हे लोकांनी वेळोवेळी तपासणे आणि तो बसत नसल्यास जाब विचारणे ही देखरेख होय. पहिल्याचा अंत बहुधा एखाद्या सभेत होतो. दुसरी काम पूर्ण झाल्यानंतरही चालू राहते.

इतिहास : हरितपथाच्या कल्पनेचे मूळ एकोणिसाव्या शतकातील उद्यानरचनेत आढळते. अमेरिकन भूदृश्यशिल्पी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (१८२२–१९०३) याने बॉस्टन शहरासाठी १८७८ नंतर एकमेकांस जोडलेल्या उद्यानांची सु. ११ किमी. लांबीची मालिका आखली. ती ‘पाचूचा कंठा’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड (१८५०–१९२८) याने १८९८ मध्ये मांडलेल्या उद्याननगरीच्या कल्पनेतही नगराभोवतीच्या हरितपट्ट्यास महत्त्वाचे स्थान होते. तथापि हरितपट्टा नगराच्या वाढीस सीमा घालतो, तर हरितपथ नगराच्या अंतर्भागातून जातो. हरितपथाचा वाचक इंग्रजी शब्द विल्यम एच्. व्हाइट (१९१७–९९) याने १९५९ मध्ये नागरी मोकळ्या जागांवरील आपल्या प्रबंधिकेत वापरला. अ. सं. सं. च्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या बाह्य मनोरंजनविषयक आयोगाने १९८७ मध्ये देशभर हरितपथांचे जाळे विणण्याची शिफारस केली. चार्ल्स लिटल याच्या १९९० मधील ग्रंथाने ही कल्पना सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचविली.

याच काळात नगरनियोजनातील लोकांच्या स्थानाविषयीही विचार बदलत होता. शेरी आर्नस्टीन (१९३०–९७) या विदुषीने १९६९ मध्ये एका लेखात नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी कल्पिली. सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचा केवळ आभास असतो. माहिती देणे, सल्ला घेणे व समजूत काढणे या मधल्या पायऱ्यांवर लोकांचे म्हणणे ऐकले जाते. परंतु निर्णय अन्यत्र होतो. भागीदारी, अधिकारप्रदान व लोकनियंत्रण या वरच्या पायऱ्यांवरच निर्णयाची सत्ता कमीअधिक प्रमाणात लोकांच्या हाती येते. हरितपथांच्या देखरेख समित्यांचे मूल्यमापन करताना हे वर्गीकरण आजही उपयोगी पडते.

बॉस्टनचा नैर्ऋत्य हरितपथ : लोकांच्या दडपणातून जन्मलेल्या व त्यांच्या देखरेखीखाली बांधलेल्या हरितपथाचे हे एक ठळक उदाहरण होय. १९४८ च्या महामार्ग आराखड्यात बॉस्टनच्या नैर्ऋत्येकडून शहरात येणाऱ्या द्रुतगती मार्गाची योजना होती. १९६० नंतरच्या दशकात तीसाठी रॉक्सबरी व जमेका प्लेन या भागांतील घरे व दुकाने पाडून जमीन मोकळी करण्यात आली. या वस्त्यांत कृष्णवर्णी व अल्प उत्पन्नाच्या लोकांची संख्या मोठी होती. जानेवारी १९६९ मध्ये निरनिराळ्या वस्त्यांतील लोकांनी एकत्र येऊन ‘महामार्गांआधी माणसे’ अशा आशयाच्या घोषणेखाली मोठे निदर्शन केले. मॅसॅचूसेट्सचे राज्यपाल फ्रान्सिस सार्जंट (१९१५–९८) हे पूर्वी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख होते. तरीही त्यांनी फेब्रुवारी १९७० मध्ये बॉस्टन परिसरातील बहुतेक नव्या महामार्गांचे काम थांबविले आणि वाहतूकव्यवस्थेचा फेरविचार करविला. १९७२ मध्ये हा द्रुतगती मार्ग रद्द झाला. महामार्गासाठी राखलेला संघीय निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळविण्याची मुभा १९७३ च्या संघीय कायद्याने दिली. त्यामुळे मोकळ्या झालेल्या पट्ट्यात शहरी रेल्वेमार्ग व त्यालगत उद्यान बांधण्याची योजना आकारास आली.

या योजनेतील देखरेखीची रचना विशेष लक्षणीय आहे. संपूर्ण पट्ट्याचे तीन विभाग करून प्रत्येकासाठी स्वतंत्र नियोजक नेमण्यात आले. प्रत्येक नियोजित स्थानकाभोवतीच्या रहिवाशांचा व व्यावसायिकांचा एकेक कृतिगट स्थापन झाला. अभियंते व वास्तुशिल्पी यांनी आपली रेखाचित्रे या गटांपुढे मांडावयाची व त्यांवरील आक्षेपांचे निरसन करावयाचे, अशी पद्धत होती. उंच भरावावरून जाणारा जुना लोहमार्ग वस्त्यांना भिंतीप्रमाणे विभागत असे. नवा मार्ग जमिनीच्या पातळीखालून न्यावा, साउथ एंड भागात त्यावर छत घालून वर उद्यान करावे, खेळाची मैदाने व भाजीपाल्याचे सामुदायिक वाफे कोठे असावेत, यांसारख्या बाबी अशा चर्चांतून निश्चित झाल्या. रेल्वेमार्ग मे १९८७ मध्ये खुला झाला. त्यालगतचे उद्यान सु. ७·६ किमी. लांब असून त्याचे क्षेत्रफळ सु. २१ हेक्टर आहे. बांधकाम संपल्यावर लोकांचे गट विसर्जित न करता उद्यानाच्या व्यवस्थेसाठी नागरिकांची सल्लागार समिती ठेवण्यात आली. देखभालीतील उणिवा शासनाच्या निदर्शनास आणण्याचे काम ती करते.

या यशाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. नवा मार्ग सुरू होण्याच्या सुमारास वॉशिंग्टन मार्गावरील जुनी उन्नत रेल्वे बंद करण्यात आली. तिच्या जागी रॉक्सबरीच्या मध्यभागास तोलामोलाची पर्यायी सेवा देण्याचे आश्वासन होते. परंतु तेथे विशेष बससेवा सुरू होण्यास २००२ साल उजाडले व ती रेल्वेच्या तोडीची नाही, अशी रहिवाशांची तक्रार राहिली. उद्यान व स्थानके कृतिगटांच्या डोळ्यांपुढे होती. पट्ट्याबाहेरील हे आश्वासन मात्र तशा रचनेच्या कक्षेत नव्हते.

अटलांटाचा बेल्टलाइन प्रकल्प : जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहराभोवतीच्या जुन्या लोहमार्गांचे सु. ३५ किमी. लांबीचे कडे जोडून त्यावर पायवाट, उद्याने व हलकी रेल्वे उभारण्याची कल्पना रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधात मांडली. वस्त्यांतील सभांमधून तिला पाठिंबा मिळत गेला. या शहरात १९७४ पासून वस्तीनिहाय नियोजन गटांची पद्धत असल्याने अशा चर्चेस तयार व्यासपीठ उपलब्ध होते.

प्रकल्पाच्या निधीसाठी २००५ मध्ये सु. २,६०० हेक्टरांचे करवाटप क्षेत्र ठरविण्यात आले. या पद्धतीत क्षेत्रातील मालमत्तांचे ठराविक वर्षाचे मूल्य आधारभूत धरतात. प्रकल्पामुळे मूल्य वाढले, की वाढीव मूल्यावरील कर पुढील २५ वर्षे प्रकल्पाकडे वळवितात व त्याच्या तारणावर कर्जरोखे काढतात. म्हणजे शाळांना व अन्य सेवांना मिळू शकणारे उत्पन्न हरितपथाकडे जाते. त्यामुळे या खर्चावर नागरिकांची नजर असणे आवश्यक मानले गेले. २००६ मध्ये नगरपरिषदेने लोकसहभागाची रीतसर चौकट मान्य केली. तीत विभागवार अभ्यासगट, नियतकालिक जाहीर सभा व निधीच्या विनियोगावर लक्ष ठेवणारी नागरिकांची सल्लागार समिती यांचा समावेश होता. कर्जरोख्यांतून मिळणाऱ्या निव्वळ रकमेपैकी १५ टक्के रक्कम परवडणाऱ्या घरांसाठी राखावी आणि २०३० पर्यंत अशी ५,६०० घरे निर्माण व्हावीत, असे ठरले.

पुढील घटनांनी या व्यवस्थेची कसोटी पाहिली. शाळांसाठीचा कर या कामी वापरता येणार नाही, असा निर्णय जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. त्याच वर्षी राज्यघटना दुरुस्त करून हा अडथळा दूर करण्यात आला. आर्थिक मंदीने अपेक्षित उत्पन्न घटले. पूर्वेकडील पायवाट २०१२ मध्ये खुली झाली आणि तिच्या आसपासचे जमिनीचे भाव व भाडी झपाट्याने वाढली. घरांचे उद्दिष्ट मात्र फार मागे पडले. समन्यायाच्या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे सांगून ग्रॅव्हेल व त्यांचे एक सहकारी यांनी २०१६ मध्ये प्रकल्पाशी संलग्न संस्थेच्या संचालकपदाचे राजीनामे दिले. स्थानिक वृत्तपत्राने २०१७ मध्ये घरांविषयीच्या आश्वासनांचा व प्रत्यक्ष खर्चाचा तपशील प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी बदल झाला. त्यानंतर घरांसाठी जमिनी आधीच खरेदी करण्यावर भर देण्यात आला. आकडा व मुदत लेखी स्वरूपात असल्यामुळेच ही त्रुटी सिद्ध करता आली. तथापि सल्लागार समितीस खर्च रोखण्याचा अधिकार नसल्याने ती वेळीच टळू शकली नाही.

अन्य उदाहरणे : न्यूयॉर्क शहरातील उन्नत लोहमार्गावर शेवटची मालगाडी १९८० मध्ये धावली. तो पाडला जाऊ नये म्हणून दोन रहिवाशांनी १९९९ मध्ये संस्था स्थापन केली व २००९ मध्ये त्यावरील उद्यानाचा पहिला भाग खुला झाला. सु. २·३ किमी. लांबीचे हे उद्यान जगप्रसिद्ध झाले. परंतु शेजारच्या शासकीय गृहवसाहतींतील रहिवाशांच्या गरजांकडे आरंभी दुर्लक्ष झाल्याची कबुली एका संस्थापकाने २०१७ मध्ये दिली. लोकांनी पुढाकार घेतला म्हणजे सर्व लोकांचे प्रतिनिधित्व होतेच असे नाही, हे यावरून दिसते.

दक्षिण कोरियातील सेऊल येथे छंग्ग्येछन या ओढ्यावरील उन्नत महामार्ग पाडून २००३–०५ या काळात सु. ५·८ किमी. लांबीचा जलप्रवाह व काठावरील पायवाटा निर्माण करण्यात आल्या. यासाठी तज्ञ व नागरिक यांची समिती नेमली होती. तथापि उत्खननात आढळलेले जुने पूल व अवशेष यांच्या जतनाविषयीच्या शिफारशी कामाच्या घाईत मागे पडल्या, तेव्हा २००४ मध्ये समितीच्या सदस्यांनी राजीनामे दिले. बांधकाम ठरल्या मुदतीत पार पडले.

देखरेखीचे टप्पे : वरील अनुभवांवरून लोकदेखरेखीचे साधारणपणे पाच टप्पे संभवतात. (१) आखणी : मार्ग कोणत्या जमिनीवरून जातो, किती घरे वा दुकाने हटवावी लागतात व त्यांचे पुनर्वसन कोठे होणार, हे मोजणी-नकाशासह जाहीर होणे आवश्यक असते. विस्थापितांची यादी आखणी पक्की होण्यापूर्वी तयार न झाल्यास नंतर वाद उद्‌भवतात. (२) अभिकल्प : वाटेची रुंदी, उतार, प्रवेशद्वारांची संख्या, दिवाबत्ती, स्वच्छतागृहे, पावसाच्या पाण्याचा निचरा यांचा विचार या टप्प्यात होतो. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण सामान्यतः १ : १२ पेक्षा तीव्र नसावे, असा दंडक आहे. (३) अंदाजपत्रक व निविदा : कामाच्या बाबी, त्यांचे दर व मुदत यांची यादी लोकांस उपलब्ध असल्यास पुढील तपासणी शक्य होते. (४) बांधकाम : या टप्प्यातील चुका झाकल्या जातात व पुन्हा उघड करणे अवघड असते. जुन्या लोहमार्गांच्या जमिनीत आर्सेनिक, शिसे व लाकडी स्लीपरांवरील डांबरतेल यांचे अंश असू शकतात. त्यामुळे मातीची तपासणी व दूषित मातीची विल्हेवाट यांचे अहवाल पाहणे महत्त्वाचे ठरते. जुन्या झाडांच्या मुळांलगत अवजड यंत्रे फिरल्यास माती दाबली जाऊन झाड काही वर्षांनी वाळते. म्हणून कामाआधीच झाडांभोवती कुंपण घालावे लागते. मोजमाप पुस्तिकेतील नोंदी व प्रत्यक्ष काम यांची तुलना हाही देखरेखीचा भाग होय. (५) देखभाल : दोषदायित्वाच्या मुदतीत कंत्राटदाराने करावयाच्या दुरुस्त्या, लावलेल्या रोपांपैकी जगलेल्यांची गणती व वार्षिक तरतूद यांचा यात समावेश होतो.

देखरेख समिती परिणामकारक होण्यास काही गोष्टी आवश्यक असतात. समितीत घरमालकांबरोबर भाडेकरू, फेरीवाले व विस्थापित होणारे रहिवासी यांना स्थान असावे लागते. कागदपत्रे लोकभाषेत मिळावी लागतात. नोंदविलेल्या प्रत्येक आक्षेपास कारणांसह लेखी उत्तर देण्याचे बंधन असल्यास चर्चेस अर्थ प्राप्त होतो. अभियंत्याच्या वा लेखापरीक्षकाच्या स्वतंत्र सल्ल्यासाठी थोडा निधीही समितीजवळ असणे इष्ट असते. तो नसल्यास सदस्यांना बांधकाम यंत्रणेच्याच माहितीवर विसंबावे लागते.

भारत व महाराष्ट्र : भारतात हरितपथांवरील देखरेखीसाठी स्वतंत्र कायदा नाही, मात्र अन्य कायद्यांत तिचे आधार सापडतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविणे आणि हरकतदारांची सुनावणी घेणे आवश्यक असते. मुंबईच्या विकास योजनेचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला मसुदा प्रखर लोकविरोधानंतर मागे घेण्यात आला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला व त्यास २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्षतोडीच्या प्रस्तावाची जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या व्याख्येत कागदपत्रांबरोबरच कामाची पाहणी करण्याचा व साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही समाविष्ट आहे. बांधकामावरील देखरेखीच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची असली, तरी तिचा वापर कमी होतो. राजस्थानात १९९४ पासून झालेल्या जनसुनावण्यांत सार्वजनिक कामांची देयके व हजेरीपटाच्या नोंदी गावासमोर वाचून दाखविण्यात आल्या. त्यातून सामाजिक अंकेक्षणाची पद्धत पुढे आली व २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात तिला स्थान मिळाले. महाराष्ट्रातील नागरी बांधकामांस तसे सर्वसाधारण बंधन नाही.

मुंबईत तानसा जलवाहिन्यांलगतच्या मोकळ्या पट्ट्यावर सु. ३९ किमी. लांबीची सायकल व पायवाट करण्याची योजना महानगरपालिकेने ‘हरित वारी जलतीरी’ या नावाने आखली. जलवाहिन्यांच्या सुरक्षिततेसाठी न्यायालयाच्या आदेशानुसार तेथील झोपड्या हटविण्यात आल्या होत्या. त्यांतील अनेक कुटुंबांना चेंबूरनजीकच्या माहुल येथे घरे देण्यात आली. तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या सान्निध्यातील प्रदूषणामुळे तेथे राहणे धोक्याचे आहे, असे सांगून रहिवाशांनी २०१८ मध्ये दीर्घ आंदोलन केले. त्यांना तेथे राहण्याची सक्ती करू नये व पर्यायी निवारा देता येत नसल्यास भाड्याची रक्कम द्यावी, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. पुण्यात मुळा-मुठा नदीकाठ सुधारणा प्रकल्पातील प्रस्तावित वृक्षतोडीविरुद्ध २०२३ मध्ये नागरिकांनी मोर्चा काढला. दोन्ही ठिकाणी लोकांचे म्हणणे आखणीच्या काळात नव्हे, तर प्रत्यक्ष कारवाई सुरू झाल्यावर व आंदोलन किंवा न्यायालय यांच्या मार्गाने पुढे आले.

मर्यादा : लोकदेखरेखीमुळे काम लांबते व खर्च वाढतो, असा आक्षेप घेतला जातो. बॉस्टनमध्ये महामार्ग रद्द झाल्यापासून उद्यान पूर्ण होईपर्यंत पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला, हे खरे आहे. परंतु आधीचा महामार्ग लोकांना न विचारता आखल्यामुळे मोकळी केलेली जमीन अनेक वर्षे पडून राहिली, याचाही हिशेब त्यात धरावा लागतो. सभांना वेळ देऊ शकणाऱ्या सुस्थित वर्गाचे समित्यांवर वर्चस्व राहणे, काही रहिवाशांनी केवळ परक्यांची वर्दळ नको म्हणून मार्गास विरोध करणे आणि दीर्घकाळात सदस्यांचा उत्साह ओसरणे या उणिवाही आढळून येतात. सर्वांत मोठी उणीव म्हणजे हरितपथाची किंमत त्याच्या सीमेबाहेर मोजावी लागते. वाढलेल्या भाड्यामुळे वा पुनर्वसनामुळे दूर गेलेले लोक नंतरच्या सभांना उपस्थित नसतात आणि त्यांचे नुकसान बांधकामाच्या लेख्यांत नोंदले जात नाही. म्हणून अलीकडे हरितपथाच्या प्रगतीबरोबर परिसरातील भाडी, परवडणारी घरे व स्थलांतरित कुटुंबांची स्थिती यांची नोंद ठेवणे हाही देखरेखीचा आवश्यक भाग समजण्यात येऊ लागला आहे.